जनरलच्या कोटाचा उजवा खांदा

मोठ्या माणसांचं एक बरं असतं, ती गेली की त्यांची पाटी होते. जन्म कुठे, शिक्षण काय, लढाया किती, पदकं किती, शेवट कधी. ज्याच्या नुसत्या खोकण्यानं माणसं ताडकन उभी राहायची, तो अख्खा माणूस हातभर पाटीत मावतो, आणि खाली थोडी जागा उरतेसुद्धा. मास्तरीणबाईंची पाटी कोणी करणार नव्हतं. म्हणून त्यांचं हे असं सांगावं लागतं.

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे बरं का. शिंप्याला मास्तर म्हणतात, आणि मास्तरची बायको ती मास्तरीण. तिचं शिक्षण म्हणाल तर टेपवरचे आकडे वाचता येत आणि सही करता येई, तीही टाका घातल्यासारखी, सावकाश. पण कापडाला नुसतं दोन बोटांत धरून ती सांगायची, हे धुतल्यावर आटेल की नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधं बटण लावता येत नव्हतं. मास्तरनं शिकवलं. आधी काजं, मग तुरपाई, मग बेतणं. कात्री हातात दिली त्या दिवशी म्हणाला, "एक गोष्ट ध्यानात ठेव. गिऱ्हाईकाचं व्यंग शिंप्याला दिसलं पाहिजे, आणि दुसऱ्या कोणालाही दिसता कामा नये. कोणाला पोक असतं, कोणाचं पोट सुटलेलं असतं. ते आपण कोटाच्या आत ठेवायचं आणि तोंड शिवून घ्यायचं."

त्या वेळी तिला काय ठाऊक, की सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक आपल्याच पोटी येणार आहे.

थोरला जन्मला तो अडून. सुईणीनं ओढून काढला, आई वाचली, मूलही वाचलं, पण उजवा खांदा दुखावला तो कायमचा. वाढत गेला तसा तो खांदा डाव्यापेक्षा खाली राहिला, चांगला दोन बोटं. बाकी पोरगा म्हणजे दृष्ट लागावी असा. हसरा, उंच, कामाला वाघ. तरी लोकांचं कसं असतं, चंद्र दाखवा, डाग आधी बघतील. लाकडाच्या वखारीत कामाला लागला आणि तिथल्या मंडळींनी आठवड्याच्या आत बारसं उरकलं. तराजू.

"काय रे तराजू, आज वजन कुठल्या पारड्यात?"

तो हसायचा. म्हणायचा, "तुमच्या अकलेच्या पारड्यात काहीच नाही, म्हणून हे खाली गेलंय." वखारीत हशा व्हायचा आणि हसणाऱ्यांत तोही असायचा. पण घरी आला की सदरा खुंटीला लावताना आरशाकडे पाठ करायचा. आईला ते दिसे. आईला काय दिसत नाही?

मास्तर तोवर छातीच्या दुखण्यानं गेला होता. मशीन मागे ठेवून गेला आणि ते वाक्य. मास्तरीणबाईनं थोरल्याचा कोट घेतला, उजव्या खांद्याची शिवण उसवली आणि आत कापसाची गादी बसवली. गळ्याकडे पातळ, बाहीकडे जाड. अशी बेतानं, की कोट अंगावर चढला की दोन्ही खांदे पाटासारखे एका रेषेत. थोरला आरशासमोर उभा राहिला, पुढून बघितलं, बाजूनं बघितलं. मग म्हणाला, "आई, हा कोण गं?"

"तूच मेल्या."

"मला वाटलं कोणी मोठा साहेब आला."

तेव्हापासून त्याचं एकही कापड गादीशिवाय शिवलं गेलं नाही. हाताला सवयच झाली. भात कालवताना बोटांना जसं सांगावं लागत नाही, तसं उजवा खांदा आला की हात आपोआप कापसाकडे जायचा.

मग लढाई सुरू झाली. शांततेच्या दिवसांत सैन्यानं असा पोरगा दारातूनच परत लावला असता. पण घराला आग लागल्यावर बादलीचं बूड कोण बघत बसतं? दोन डोळे आहेत, दोन पाय आहेत, भरती. मास्तरीणबाई तेव्हा सैन्याच्या शिलाईच्या शेडमध्ये कामाला होती. लांबच लांब पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना मशिनी, मध्ये गणवेशांचे ढीग. दिवसभर इतका खडखडाट की बायका ओठांवरून एकमेकींचं बोलणं ओळखायच्या. हजारो कोट शिवले तिनं, सगळे एका मापाचे, सरळ खांद्यांच्या माणसांचे. आणि त्यातलाच एक नेमका तिच्या पोराच्या अंगावर आला. सुट्टीवर घरी आला तेव्हा कोट असा एका बाजूला लोंबत होता, जसा खुंटीवर घाईनं टाकलेला.

"हे काय रे?"

"आई, साहेब रोज ओरडतो, सरळ उभा राहा. शेवटी मी म्हटलं, साहेब, आईशिवाय जमत नाही."

"असं म्हणालास? साहेबाला?"

"मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असतो तर आत्ता घरी असतो का?"

धाकटी बहीण हसून हसून लोळली. मास्तरीणबाईनं त्याच दुपारी सरकारी कोटाचा खांदा उसवला आणि गादी बसवली. सरकारी कापडाला हात लावायचा नाही असा नियम होता, पण नियम करणाऱ्याला आई नसावी. दुसऱ्या दिवशी थोरला सरळ खांद्यांनी गल्लीतून गेला. कोपऱ्यावर वळला तो वळलाच.

नंतर एक माणूस सायकलवरून आला आणि सांगून गेला. बेपत्ता. नदीवरच्या माघारीत मागचा पूल धरायला थोडी माणसं ठेवली होती, त्यात हा होता. पुढे काय झालं ते सांगणारा कोणी उरला नाही. ना माणूस आला, ना कोट. मेला म्हणावं तर मन घेईना, जिवंत म्हणावं तर दार वाजेना. मास्तरीणबाई काही वर्षं शिवण टाकताना पायानं मशीन मध्येच थांबवायची आणि कान द्यायची. मग तेही थांबलं. रडून रडून डोळ्यांचं पाणी आटतं म्हणतात, तसलं काही होत नाही. पाणी तेवढंच असतं, माणूस फक्त कामाला लागतो.

धाकटीचं लग्न झालं, मोडलं, ती घरी परत आली आणि आईच्या शेजारच्या मशीनवर बसली. दोघी म्हाताऱ्या होत गेल्या. आईच्या डोळ्यांना सुईचं नेढं दिसेना, तेव्हा धाकटी सकाळीच सुयांत दोरे ओवून उशीला टोचून ठेवू लागली.

अशात एक दिवस जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीतून एक चष्मेवाला आला. स्वभावानं गरीब, शाईनं बोटं माखलेली. कचेरीच्या जुन्या इमारतीत एक दालन होणार होतं, त्यात गेल्या शंभर वर्षांतली नामांकित माणसं. कोणी मंत्री, कोणी सेनापती. प्रत्येकाचा पुतळा, अंगावर त्यांचे कपडे, शेजारी पाटी. पाट्या लिहिण्याचं काम ह्याच्याकडे होतं.

"एका जनरलसाहेबांच्या कोटाला कसर लागली आहे," तो म्हणाला. "हातात घेतला तर भुगा होतो. त्या काळच्या कापाचा कोट आता कोणाला येत नाही. कोणीतरी सांगितलं, तुम्ही शेडमध्ये होतात."

"कोण जनरल?"

त्यानं नाव सांगितलं. धाकटीच्या मशीनचं चाक थांबलं. माघारीचा हुकूम देणारा तोच.

मास्तरीणबाईनं विचारलं, "पाटीवर काय लिहिलंय त्यांच्या?"

चष्मेवाल्यानं खिशातून कागद काढून वाचलं. घराणं चांगलं. शिक्षण परगावी. शिस्तीचे भोक्ते. मग आलं, "नदीकाठच्या माघारीत असामान्य धैर्य दाखवून, केवळ किरकोळ हानी सोसून त्यांनी आपलं सैन्य सुखरूप मागे आणलं."

"बरं लिहिलंय," मास्तरीणबाई म्हणाली. "कापड आणून द्या."

तो गेल्यावर धाकटी उसळली. "आई, त्या माणसाचा कोट शिवणार तू?"

"कोट शिवायचाय. सोयरीक नाही करायची."

"किरकोळ म्हणाला तो. ऐकलंस ना?"

"ऐकलं. मी बहिरी नाही, म्हातारी आहे. त्या बिचाऱ्याला काय माहीत, किरकोळ कोणाच्या घरचं होतं."

"मग सांगायचं होतंस."

"आणि? त्यानं काय करायचं होतं? माझी समजूत काढायची होती? आधीच त्याचा चष्मा नाकावर टिकत नव्हता." मग म्हणाली, "तसला कोट परत एकदा हाताखालून जाऊ दे गं माझ्या."

धाकटीनं सुयांत दोरे ओवायला घेतले, आणि दोरा ओला करायच्या निमित्तानं तोंड फिरवून डोळे पुसले.

कोट मात्र असा झाला की बघत राहावं. म्हातारीचे हात कापायचे, पण कात्री कापडावर टेकली की कंप कुठल्या कुठे. कच्चे टाके, अस्तर, गळपट्टी, बटणं. धाकटी म्हणाली, "आई, माझ्या लग्नातला पोशाख इतक्या मन लावून शिवला असतास तर टिकलं असतं." आई म्हणाली, "पोशाखात खोट नव्हती, आतल्या नवऱ्यात होती." किती दिवसांनी त्या घरात दोघी हसल्या.

कोट घेऊन दोघी दालनात गेल्या. जनरलचा पुतळा भिंतीशी उभा, छायाचित्रावरून केलेला, ताठ, खांदे पट्टीनं आखल्यासारखे. चष्मेवाल्यानं कोट चढवला, बटणं लावली, मागे सरकला. मान जरा कलती केली. मग दुसरीकडे कलती केली.

"उजवा खांदा जरा वर वाटतो का? की मलाच..."

मास्तरीणबाईनं बघितलं. उजवा खांदा दोन बोटं वर होता. आत गादी होती. गळ्याकडे पातळ, बाहीकडे जाड. कधी बसवली, तिला आठवतही नव्हतं. हातानं कापडात आपला मुलगा ओळखला आणि डोक्याला न विचारता काम उरकून टाकलं. जो कोट तिच्या वाकड्या पोराला सरळ करायचा, तोच आता ह्या सरळ माणसाला वाकडा करून उभा होता.

"नवं कापड आहे," ती म्हणाली. "बसेल चार दिवसांत."

जन्मात गिऱ्हाईकाशी कापडाबद्दल खोटं बोलली नव्हती ती. चष्मेवाल्यानं मान डोलावली. दालन उघडायला अजून अवकाश होता, आणि त्याला अजून दोन मंत्री लिहायचे होते.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "आई, ते दादाचं माप आहे."

"हो."

"उद्या जाऊन उसवून टाक."

"हो."

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई गेली. पिशवीत कात्री होती, सुई होती. पुतळ्यापुढे उभी राहिली आणि तळहात उजव्या खांद्यावर ठेवला. हाताखाली तो उंचवटा आला, तसाच, जसा थोरला सुट्टीवरून परत जाताना दारात आला होता. मुलगा मोठा झाला की आईनं डोक्यावरून हात फिरवलेला त्याला चालत नाही, खांद्यावर ठेवलेला चालतो. तिनं तसाच ठेवला. मग ब्रशनं कोट झाडला, एक बटण उगाच घट्ट केलं आणि घरी आली.

"उसवलं?"

"आज उजेड बरा नव्हता."

पुढच्या दिवशी काज बघायचं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी कॉलर. धाकटीला सगळं कळत होतं, पण ती विचारायची थांबली. इतक्या वर्षांत आईला भेटायला जाण्यासारखं एक ठिकाण मिळालं होतं. थडगं नाही, पाटी नाही, निदान एक खांदा तरी. आणि तो राहावा, एवढंच म्हातारीला हवं होतं. पाटीवर काय लिहायचं ते लिहा. खांदा तेवढा राहू द्या. लोक येतील, जनरलला बघतील, तिला काय त्याचं. आत कोण आहे ते तिला ठाऊक होतं.

दालन उघडायच्या आदल्या दिवशी दोघी मायलेकी शेवटची इस्त्री करायला गेल्या. तिथं रंगारी होते, दिवे लावणारे होते, शिडीवर चढून कोणी ओरडत होतं, कोणी डबा सोडून जेवत होतं. जनरलच्या पुतळ्यापुढे एक बाई उभी होती. साठीची असेल. करड्या रंगाचे साधे कपडे, केस मागे बांधलेले. चष्मेवाला तिच्याशी आदबीनं बोलत होता. त्यानं ओळख करून दिली. "ह्या साहेबांच्या कन्या. आणि ह्यांनी कोट शिवलाय." आणि तो पुढच्या पाटीकडे गेला.

ती बाई कोटाला हात लावत नव्हती. नुसती बघत होती. म्हणाली, "रंग अगदी तोच आहे. लहानपणी मी ह्या बटणांत माझं तोंड बघायची."

तेवढ्यात शिडीवरचा रंगारी खालच्याला म्हणाला, "ए, ह्या जनरलकडे बघ की. एक खांदा ह्या मुलखात, दुसरा त्या मुलखात."

खालचा जेवता जेवता हसला. "तराजू आहे रे तराजू. वजन कर त्याच्यात कोबी."

त्या माणसांच्या मनात काही वाईट नव्हतं. ती बाई कोण हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण मास्तरीणबाईनं त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं. ते तोंड तिच्या ओळखीचं होतं. वखारीवरून जाताना, आतून तो हशा ऐकू आल्यावर, रस्त्याकडेच्या पाण्यात तिनं आपलंच तोंड असं बघितलं होतं. हसणाऱ्याला काही बोलता येत नाही, आणि ज्याच्यावर हसतात तो आपला असतो.

"बाबांचे खांदे असे नव्हते," ती बाई हळू म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, कोणाला तरी सांगायला हवं म्हणून.

"नव्हते," मास्तरीणबाई म्हणाली. "चूक माझी आहे. काढते मी. धाकटे, पिशवी दे."

"आई," धाकटी म्हणाली, "इस्त्रीच करून जाऊ. लोक विसरतात."

"पिशवी दे म्हटलं ना."

कोट पुतळ्यावरून उतरवला. मास्तरीणबाई खिडकीशी स्टुलावर बसली, कोट मांडीवर उलटा घेतला आणि अस्तराचे टाके कापायला लागली. जनरलची मुलगी शेजारी येऊन बसली. थोड्या वेळानं तिला कापूस दिसला, नीट रचलेला, कडेला निमुळता होत गेलेला. तिला शिवणातलं काही कळत नव्हतं, पण ही चूक घाईगडबडीची नाही एवढं कोणालाही कळलं असतं.

"हे कोणासाठी घालायचात तुम्ही?"

"माझ्या मुलासाठी. उजवा खांदा पडका होता त्याचा."

"होता?"

"तुमच्या वडिलांबरोबर गेला होता. नदीवर. पुलाशी होता."

 रंगाऱ्यांचं जेवण आटोपलं होतं, रंगाचा हात परत भिंतीवर फिरायला लागला होता.

"बाबा घरी त्या पुलाचं नाव काढू देत नसत," ती बाई म्हणाली. "आम्ही समजायचो, जिंकले नाहीत म्हणून राग आहे." मग म्हणाली, "राहू द्या तो कापूस. मी सांगते कचेरीत. असू दे तसाच."

 आईच्या हातातली कात्री थांबली. एवढंच तर हवं होतं तिला, आणि मागायच्या आधीच कोणी ओंजळीत घालत होतं.

मास्तरीणबाईनं अंगठ्यानं कापूस एकदा दाबला. तो दबला आणि परत वर आला.

"नको," ती म्हणाली. "राहिला, तर उद्यापासून पोरं येतील, बाया येतील, जो तो हसून जाईल. जन्मभर मी हा कापूस घातला तो त्याला कोणी हसू नये म्हणून. आता तोच घालून कोणाला हसायला लावू? त्याला नसतं आवडलं ते." आणि जरा हसली. "शिवाय माझा मास्तर वर बसलाय. म्हणेल, एवढं शिकवून शेवटी गिऱ्हाईक वाकडं पाठवलंस."

एवढं बोलून तिनं दोन बोटं आत घातली आणि गादी बाहेर ओढली. सगळी एकदम आली नाही. थोडा कापूस शिवणीत अडकला होता, तो सुईच्या टोकानं वेचून काढावा लागला. अस्तर परत शिवलं. धाकटीनं इस्त्री तापवली, ओलं फडकं पसरलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. कापडाचं तसं नसतं. वाफेखाली पहिल्या फेरीत चुणी राहिली, मग पुसट झाली, मग राहिली नाही. मास्तरीणबाईनं तळहातानं खांदा चाचपला. कापड गरम होतं आणि सपाट होतं.

कोट चढवला. जनरल सरळ उभा राहिला.

त्याची मुलगी पुढे झाली आणि तिनं पहिल्यांदा कोटाला हात लावला. उजव्या खांद्यावर ठेवला.  मास्तरीणबाईनं नजर दुसरीकडे वळवली, जसं दुसऱ्याच्या घरात वळवतात. शेजारी पाटी लागलेली होती, धातूची, चकचकीत. तिला ती वाचता आली नसती, पण किरकोळ कुठल्या ओळीत असेल ते तिनं अंदाजानं बघितलं.

निघताना चष्मेवाला दारापर्यंत आला. "आता छान झालं बघा," तो म्हणाला. "कापड बसलं की नाही शेवटी?"

"बसलं," मास्तरीणबाई म्हणाली.

रस्त्यावर ऊन होतं. दुकानं उघडी होती, कोणी दार पुसत होतं, कोणी गिऱ्हाईकाशी वाद घालत होतं. म्हातारी मूठ आवळून चालत होती. बोटांच्या फटीतून कापूस दिसत होता.

"आई, दे इकडे," धाकटी म्हणाली. "पिशवीत ठेवते."

"असू दे. जड आहे का तो?"

थोडं पुढे गेल्यावर तिनं तो दुसऱ्या हातात घेतला. मग परत पहिल्या हातात. घर येईपर्यंत ती अशीच हात बदलत चालत राहिली.